गोव्यातील द्विपक्षीय राजकारणाचा ऱ्हास

गोव्यातील द्विपक्षीय राजकारणाचा ऱ्हास ही सुमारे १९७७ ते २००० या काळात घडलेली राजकीय प्रक्रिया होय. गोवामुक्तीनंतरच्या पहिल्या दीड दशकात गोव्याचे राजकारण महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) आणि युनायटेड गोअन्स पक्ष (युगो) या दोन प्रादेशिक पक्षांभोवती फिरत होते. पुढे युगो नामशेष झाला, मगोची शक्ती घटत गेली आणि त्यांची जागा राष्ट्रीय पक्ष, लहान स्थानिक पक्ष व अपक्ष यांच्या बदलत्या आघाड्यांनी घेतली. याच काळात आमदारांची पक्षांतरे हे गोव्याच्या राजकारणाचे ठळक वैशिष्ट्य बनले. मतदारांची पक्षनिष्ठा सैल होणे आणि लोकप्रतिनिधींनी पक्ष बदलणे या दोन वेगळ्या घटना असून गोव्यात त्या एकमेकींत गुंतलेल्या आढळतात.

पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव हे प्रदेश पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाले. सालाझारच्या राजवटीत खुल्या पक्षीय राजकारणाला वाव नसल्याने मुक्तीच्या वेळी गोव्यात निवडणुकीच्या राजकारणात मुरलेले पक्ष नव्हते. पहिली विधानसभा निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली. सभागृहातील ३० जागांपैकी २८ गोव्यात आणि दमण व दीव येथे प्रत्येकी एक होती. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेस पक्षाला या निवडणुकीत गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. मगोने सत्ता मिळवली, तर युगोने १२ जागा जिंकून विरोधी पक्षाचे स्थान घेतले. खाणमालक दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. विरोधी पक्षाचे नेतृत्व डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्याकडे होते.

द्विपक्षीय चौकट

दोन्ही पक्षांतील भेद मुख्यतः तीन प्रश्नांवर उभा होता. पहिला प्रश्न गोव्याच्या भवितव्याचा होता. मगोला गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हवे होते, तर युगो वेगळ्या अस्तित्वाचा पुरस्कार करीत होता. दुसरा प्रश्न भाषेचा होता. मगोची भूमिका मराठीच्या बाजूची, तर युगोची कोकणीच्या बाजूची होती. तिसरा प्रश्न सामाजिक होता. मगोला प्रामुख्याने हिंदू बहुजन समाजाचा, कुळांचा व मुंडकारांचा पाठिंबा होता. युगोची शक्ती सासष्टीसारख्या तालुक्यांतील ख्रिस्ती समाजात होती आणि विलीनीकरण नको असलेल्या काही हिंदूंचीही त्याला साथ होती.

हे तिन्ही भेद बऱ्याच अंशी एकाच रेषेवर जुळत असल्यामुळे मतदाराची पक्षनिष्ठा पक्की राहिली. मगोच्या सिंह या निशाणीला मत देणे म्हणजे आपली भाषा, आपला समाज आणि आपली जमीन यांच्या बाजूने उभे राहणे, अशी त्या पक्षाच्या पाठीराख्यांची भावना होती. कूळ कायदा आणि खेडोपाडी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा यांमुळे ही निष्ठा आणखी दृढ झाली.

१६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाच्या प्रश्नावर जनमत कौल घेण्यात आला. फूल ही विलीनीकरणाची, तर दोन पाने ही संघप्रदेशाची निशाणी होती. संघप्रदेश कायम ठेवण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. विलीनीकरणवाद्यांचा ३४,०२१ मतांनी पराभव झाला. मात्र अवघ्या काही आठवड्यांनी, मार्च १९६७ मध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत मगोने १६ जागा जिंकून सत्ता राखली. युगोला पुन्हा १२ जागा मिळाल्या. विलीनीकरणाविरुद्ध कौल देणाऱ्या मतदारांपैकी काहींनी राज्यकारभारासाठी मगोलाच पसंती दिली, असा या दोन निकालांचा अर्थ लावला जातो.

चौकट खिळखिळी होण्याची सुरुवात

जनमत कौलाने दोन्ही पक्षांसमोर पेच निर्माण केला. मगोचे मूळ उद्दिष्ट साध्य होण्याची शक्यता मावळली, तर युगोचे उद्दिष्ट साध्य झाल्याने त्याच्या अस्तित्वाचे प्रयोजनच कमी झाले. युगोमध्ये सिक्वेरा आणि अल्वारो द लॉयोला फुर्ताद यांचे गट पडले. १९७० मध्ये मगोतील काही आमदारांनी बांदोडकरांविरुद्ध बंड केले, तेव्हा युगोच्या काही आमदारांच्या मदतीने सरकार तरले. परस्परांचे कट्टर विरोधक मानल्या गेलेल्या पक्षांमधील सीमारेषा विधानसभेत ओलांडता येते, हे या प्रसंगातून दिसून आले.

१९७२ च्या निवडणुकीत मगोला १८ व युगोला १० जागा मिळाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकरांचे निधन झाले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७७ च्या निवडणुकीपूर्वी युगो विसर्जित झाल्यात जमा होता. सिक्वेरा जनता पक्षात गेले, तर त्यांचे अनेक जुने सहकारी काँग्रेसमध्ये. या निवडणुकीत मगोला १५, काँग्रेसला १० व जनता पक्षाला ३ जागा मिळाल्या. अशा रीतीने काँग्रेसने विरोधी पक्षाची जागा पटकावली.

एप्रिल १९७९ मध्ये मगोच्याच काही आमदारांनी साथ सोडल्याने काकोडकर सरकार कोसळले आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत काँग्रेस (अर्स) पक्षाने ३० पैकी २० जागा जिंकल्या. मगोला ७ जागांवर समाधान मानावे लागले. निवडून आलेला हा गट लवकरच इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसमध्ये विलीन झाला आणि प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. ज्या पक्षाच्या नावावर मते मागितली तो पक्ष निवडणुकीनंतर काही काळातच संपूर्णपणे दुसऱ्या पक्षात जातो, याचे हे गोव्यातील पहिले मोठे उदाहरण होय. काकोडकर याही काँग्रेसमध्ये गेल्या. पुढे त्या मगोत परतल्या.

१९९० चे दशक

४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेल्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा मिळाला व मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. त्यामुळे जुन्या द्विपक्षीय राजकारणाचे दोन प्रमुख प्रश्न कायद्याच्या पातळीवर निकाली निघाले. १९८९ मध्ये ४० जागांच्या नव्या विधानसभेत काँग्रेसला २० व मगोला १८ जागा मिळाल्या. वरकरणी हे द्विपक्षीय राजकारणाचे पुनरागमन वाटत होते. प्रत्यक्षात अशा अटीतटीच्या संख्याबळामुळे प्रत्येक आमदाराला निर्णायक महत्त्व आले.

मार्च १९९० मध्ये सभापती लुईस प्रोत बार्बोझा यांच्यासह काँग्रेसचे सात आमदार बाहेर पडले व मगोच्या साहाय्याने नवे सरकार आले. चर्चिल आलेमाव १८ दिवस मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर बार्बोझा त्या पदावर आले. डिसेंबर १९९० मध्ये हेही सरकार गेले. जानेवारी १९९१ मध्ये मगोतून फुटलेल्या गटासह रवी नाईक काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. १९९८ मध्ये डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांनी, तर १९९९ मध्ये फ्रान्सिस सार्दिन यांनी काँग्रेसमधून फुटून सरकारे स्थापन केली. सार्दिन यांना भारतीय जनता पक्षाचा (भाजप) पाठिंबा होता. ऑक्टोबर २००० मध्ये तो काढून घेण्यात आला आणि मनोहर पर्रीकर हे भाजपचे गोव्यातील पहिले मुख्यमंत्री झाले. मार्च १९९० ते ऑक्टोबर २००० या काळात मुख्यमंत्रिपदाची सूत्रे दहाहून अधिक वेळा बदलली आणि दोनदा राष्ट्रपती राजवट लागू झाली.

याच दशकात मगोचा आधारही निसटला. १९९४ मध्ये मगोने भाजपशी युती केली. त्या वेळी मगोला १२ व भाजपला ४ जागा मिळाल्या. १९९९ मध्ये हे प्रमाण उलटले; भाजपला १० व मगोला ४ जागा मिळाल्या. त्यानंतर मगोला कोणत्याही विधानसभा निवडणुकीत तीनपेक्षा अधिक जागा जिंकता आलेल्या नाहीत. मगोच्या हिंदू बहुजन मतदारांचा मोठा भाग भाजपकडे वळला, असे मानले जाते.

पक्षांतरबंदी कायद्याची भूमिका

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावे परिशिष्ट समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार स्वेच्छेने पक्ष सोडणारा किंवा पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा सदस्य अपात्र ठरतो. मूळ तरतुदीत विधिमंडळ पक्षाच्या एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला संरक्षण होते. मोठ्या राज्यात एक तृतीयांश म्हणजे अनेक डझन आमदार. गोव्यात मात्र सहा-सात आमदार पुरेसे ठरत. त्यामुळे हा कायदा एकेकट्या आमदाराला रोखत असला, तरी गटाने पक्ष सोडणाऱ्यांना वाट मोकळी करून देत होता.

१९९१ च्या मगो फुटीतून उद्भवलेल्या रवी नाईक विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. पक्षसदस्यत्व स्वेच्छेने सोडणे याचा अर्थ केवळ औपचारिक राजीनामा नसून, सदस्याच्या वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा निर्णय देशभरातील पक्षांतराच्या प्रकरणांत आधारभूत मानला जातो.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश फुटीचे संरक्षण रद्द झाले आणि मंत्रिमंडळाच्या आकारावर मर्यादा आली. लहान राज्यांत मुख्यमंत्र्यांसह १२ मंत्र्यांची मुभा राहिली. दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाचे संरक्षण मात्र कायम आहे. या तरतुदीचा आधार घेत मार्च २०१९ मध्ये मगोच्या तीनपैकी दोन, जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. २०१९ च्या दोन्ही गटांविरुद्धच्या अपात्रता याचिका सभापतींनी फेटाळल्या व फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला.

कारणे

द्विपक्षीय चौकट मोडण्यामागे पुढील कारणे सांगितली जातात.

मूळ प्रश्नांची सोडवणूक: विलीनीकरण, राज्याचा दर्जा आणि राजभाषा हे प्रश्न मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा धागा राहिला नाही.

लहान मतदारसंघ: २०२२ मध्ये गोव्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांहून कमी. एवढ्या लहान मतदारसंघात उमेदवार घरोघरी ओळखीचा असतो. मतदाराची निष्ठा पक्षाऐवजी व्यक्तीशी जुळते आणि ती व्यक्ती पक्ष बदलताना मतांचा काही भाग सोबत नेऊ शकते.

राष्ट्रीय पक्षांचा विस्तार: केंद्राच्या निधीवर व निर्णयांवर अवलंबून असलेल्या लहान प्रदेशात केंद्रातील सत्ताधारी पक्षाशी जोडून घेण्याकडे नेत्यांचा कल राहिला. आधी काँग्रेसने युगोचे व मगोचे नेते सामावून घेतले. पुढे भाजपने तोच मार्ग अवलंबला.

काठावरचे बहुमत: चाळीस जागांच्या सभागृहात दोन-तीन सदस्यांच्या फरकाने सरकार बनते किंवा पडते. २०१७ मध्ये १७ जागा जिंकलेला काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष होता. तरीही १३ जागांच्या भाजपने मगो, गोवा फॉरवर्ड व अपक्षांच्या मदतीने २२ विरुद्ध १६ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला.

डुव्हर्जेच्या नियमाशी संबंध

सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरण्याची निवडणूक पद्धत दोन पक्षांच्या स्पर्धेला पोषक असते, असे प्रतिपादन फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस डुव्हर्जे यांनी १९५१ मध्ये केले. गोव्यात हीच पद्धत असूनही राज्य पातळीवर बहुपक्षीयता वाढली. याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, हा परिणाम मुळात मतदारसंघाच्या पातळीवर घडतो. एखाद्या मतदारसंघात लढत दोघांतच असू शकते; परंतु हे दोघे कुठे काँग्रेस-भाजपचे, कुठे भाजप-मगोचे, तर कुठे पक्षाचे व अपक्ष असतात. सर्वत्र तेच दोन पक्ष समोरासमोर येण्यासाठी राज्यव्यापी समान प्रश्नाची आवश्यकता असते. १९६० च्या दशकात विलीनीकरणाने ती भूमिका बजावली होती.

सद्यस्थिती

१९७२ मध्ये पहिल्या दोन पक्षांकडे ३० पैकी २८ जागा होत्या. २०२२ मध्ये भाजपला २० व काँग्रेसला ११, म्हणजे मिळून ४० पैकी ३१ जागा मिळाल्या. मतांच्या बाबतीत चित्र अधिक विखुरलेले होते: भाजपला सुमारे ३३ टक्के व काँग्रेसला सुमारे २३ टक्के मते मिळाली. उरलेली मते मगो, आम आदमी पक्ष, रिव्होल्युशनरी गोवन्स, तृणमूल काँग्रेस, गोवा फॉरवर्ड, अन्य लहान पक्ष आणि अपक्षांत विभागली गेली.

पक्षांतराबाबत मतदारांची नाराजी निकालांतूनही दिसते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेस सोडणाऱ्या दहा आमदारांपैकी केवळ तिघे २०२२ मध्ये पुन्हा निवडून आले. त्याच निवडणुकीपूर्वी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदारांनी आठ महिन्यांच्या आत पक्ष सोडला.

मूल्यमापन

द्विपक्षीय काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या काळात समाज धर्म व भाषा यांच्या रेषेवर विभागला गेला होता आणि ती चौकट मोडल्याने पक्षांना सर्व समाजघटकांकडे मते मागणे भाग पडले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार, त्या काळात मतदाराला आपल्या मताचा अर्थ निश्चित ठाऊक होता. सत्ताधाऱ्यांना बदलायचे असल्यास कोणाला मत द्यावे हे स्पष्ट होते. सत्ताधाऱ्यांविरुद्ध दिलेले मत निवडणुकीनंतर सत्ताधाऱ्यांच्याच पारड्यात जाऊ शकत असेल, तर मतदानाद्वारे उत्तरदायित्व निश्चित करण्याची लोकशाहीतील मूलभूत सोय दुबळी होते, हा या दुसऱ्या मताचा गाभा आहे. पक्षांची संख्या दोन असो वा सात, हा प्रश्न कायम राहतो. त्यामुळेच पक्ष बदलणाऱ्या सदस्याने राजीनामा देऊन पुन्हा मतदारांना सामोरे जावे आणि अपात्रतेचा निर्णय सभापतींऐवजी स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवावा, अशा सुधारणांची मागणी होत आली आहे.