महाकाल लोक आणि ‘प्रसादम्’ खाऊगल्ली

तीर्थक्षेत्री जाणाऱ्या यात्रेकरूस देवदर्शनाच्या जोडीने दोन गोष्टींची नित्य गरज भासते. एक म्हणजे पिण्यास शुद्ध पाणी आणि दुसरी म्हणजे भुकेच्या वेळी निर्धास्तपणे खाता येईल असे अन्न. आपल्याकडील बहुतेक क्षेत्रांच्या गावी देवळाचे बांधकाम शतकानुशतके टिकले. परंतु या दोन गोष्टी मात्र ज्याने त्याने आपल्या नशिबावर सोपविल्या. मध्य प्रदेशातील उज्जैन येथे गेल्या काही वर्षांत जे बांधकाम झाले व होत आहे, त्यात या प्रश्नाकडे प्रथमच योजनापूर्वक लक्ष देण्यात आले आहे. म्हणून ते महाराष्ट्रातील क्षेत्रवासीयांनी व नगरपालिकांनी समजून घेण्यासारखे आहे.

उज्जैन हे नगर मराठी वाचकास परके नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंदे यांच्या अमदानीत त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरला हलविला, तोपर्यंत शिंद्यांची राजधानी येथेच होती. रुद्रसागर तलावाजवळील हरसिद्धी मंदिरापुढे उभ्या असलेल्या दोन उंच दीपमाळा पाहिल्या की आपण दख्खनच्या एखाद्या देवस्थानी आलो आहोत असे वाटावे. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविलेले गोपाळ मंदिर तर ऐन बाजारपेठेत आहे. देऊळ आणि बाजार एकमेकांच्या आधाराने कसे वाढतात, हे तेथे उभे राहिले म्हणजे वेगळे सांगावे लागत नाही.

महाकालेश्वराच्या दारी मात्र ही वाढ हळूहळू गुदमरू लागली होती. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या या स्थानी, विस्ताराचे काम हाती घेतले तेव्हा वर्षाकाठी सुमारे दीड कोटी भाविक येत, म्हणजे सरासरीने दिवसाला चाळीस हजारांहून अधिक. श्रावणातील सोमवार, महाशिवरात्र आणि नागपंचमी या दिवशी तर ही सरासरी निरर्थक ठरते. मंदिराच्या वरच्या मजल्यावरील नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून नागपंचमीच्या एकाच दिवशी उघडते आणि त्या दर्शनासाठी आदल्या रात्रीपासून रांगा लागतात. अरुंद गल्ल्या, त्यांतच फुलांची व प्रसादाची दुकाने, त्यांतच वाहने, अशी ही स्थिती होती.

केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी योजनेत सप्टेंबर २०१६ मध्ये ज्या शहरांची निवड झाली, त्यांत उज्जैन होते. त्याच यादीत आपल्याकडील नाशिक, नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही शहरेही होती. मंदिर परिसराचा विस्तार दोन टप्प्यांत करण्याचे ठरले. संपूर्ण प्रकल्पाचा खर्च सुमारे ८५० कोटी रुपये धरण्यात आला आणि परिसराचे क्षेत्र जवळजवळ सातपट व्हावे अशी आखणी करण्यात आली. पहिल्या टप्प्याचे लोकार्पण ११ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले आणि या नव्या परिसरास ‘महाकाल लोक’ असे नाव देण्यात आले.

नंदीद्वार व पिनाकीद्वार ही दोन प्रवेशद्वारे, नऊशे मीटरांहून अधिक लांबीचा पादचारी मार्ग, शिवाच्या आनंदतांडवाची रूपे दाखविणारे १०८ स्तंभ आणि शिवकथांतील प्रसंगांच्या मूर्ती व भित्तिशिल्पे एवढे वर्णन बहुतेकांनी वाचलेले असते. स्तंभांसाठी व कोरीव कामासाठी राजस्थानातील बन्सी पहाडपूरचा वालुकाश्म आणण्यात आला. परंतु या कामाचा अधिक उपयुक्त भाग जमिनीखाली आहे. पाण्याच्या नळवाहिन्या, मलवाहिन्या आणि रुद्रसागर तलावात शिरणारे सांडपाणी अन्यत्र वळविण्याची व्यवस्था यांवर या परिसराचे आरोग्य अवलंबून आहे. यात्रेकरू छायाचित्र काढतो ते नंदीद्वाराचे. मलवाहिनीचे छायाचित्र कोणी काढीत नाही. तथापि पुढे जी खाऊगल्ली उभी राहिली ती या वाहिन्यांच्या आधारावरच. याच टप्प्यात वाहनतळ, यात्रेकरूंसाठी सुविधा केंद्र आणि फुलांची व इतर वस्तूंची दुकाने यांचीही तरतूद होती. २०२५ च्या प्रारंभी रुद्रसागरावरील सुमारे दोनशे मीटर लांबीचा पादचारी पूल खुला झाला. मंदिराजवळच्या शिंदेकालीन महाराजवाड्यात पूर्वी शाळा भरत असे. दुसऱ्या टप्प्यात त्या वास्तूचे रूपांतर यात्रेकरू व पर्यटक यांच्या निवासासाठी हॉटेलात करण्यात आले आहे.

वाऱ्याचा धडा

सर्वच कामे निर्दोष झाली असे म्हणता येणार नाही. २८ मे २०२३ रोजी झालेल्या वादळी वाऱ्यात महाकाल लोकातील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा मूर्ती कोसळल्या. या मूर्ती काचतंतुमिश्रित प्लास्टिकच्या, म्हणजे सर्वसामान्यांच्या भाषेत ‘फायबर’च्या होत्या. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. पुढे त्यांच्या जागी नव्या मूर्ती बसविण्यात आल्या. फायबरची मूर्ती आतून पोकळ व वजनाला हलकी असते. तिच्या मोठ्या पृष्ठभागावर वारा आदळला म्हणजे तिला उलथून टाकणारा जोर निर्माण होतो आणि तो सर्वस्वी आतील लोखंडी सांगाड्याने व तळाच्या पकडीने पेलावा लागतो. दगडाची मूर्ती स्वतःच्या वजनाने उभी राहते. हलक्या मूर्तीस ती सोय नाही.

वास्तविक माळव्यातील उन्हाळी वावटळ अनपेक्षित म्हणता येत नाही. २०१६ च्या सिंहस्थात, ५ मे रोजी, वादळ व पाऊस यांनी यात्रेकरूंचे मंडप कोसळून काही भाविक मृत्युमुखी पडले होते. उघड्यावरील बाजारपेठेतही छत्र्या, फलक, कमानी व तात्पुरती छपरे असतातच. त्यांची पकड दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी तपासली जाते की नाही, ही बाब रंगरंगोटीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

‘प्रसादम्’ची उभारणी

रस्त्यावरील खाद्यपदार्थांच्या गल्ल्या स्वच्छ व सुरक्षित व्हाव्यात यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालय यांनी एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना एक योजना कळविली. देशातील १०० जिल्ह्यांत १०० आदर्श खाऊगल्ल्या उभाराव्यात आणि प्रत्येकीसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून एक कोटी रुपयांचे साहाय्य द्यावे, असे तिचे स्वरूप होते. हा भार केंद्र व राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात आणि डोंगराळ व ईशान्येकडील राज्यांत ९०:१० या प्रमाणात उचलावयाचा होता. तांत्रिक मार्गदर्शन भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. पिण्याचे पाणी, हात धुण्याची सोय, शौचालये, सामाईक जागेची फरसबंदी, ओल्या व सुक्या कचऱ्याची तसेच सांडपाण्याची विल्हेवाट, दिवाबत्ती, सामाईक साठवणघर, विशिष्ट पदार्थांसाठी तयार केलेल्या हातगाड्या अशा कामांवर हा निधी खर्च करता येतो.

या योजनेतील देशातील पहिली खाऊगल्ली उज्जैन येथे महाकाल लोकातील नीलकंठ वन परिसरात उभी राहिली. ७ जानेवारी २०२४ रोजी तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. मनसुख मांडविया यांनी मुख्यमंत्री डॉ. मोहन यादव यांच्या उपस्थितीत तिचे उद्‌घाटन केले. ‘प्रसादम्’ हे तिचे नाव. क्षेत्र ९३९ चौरस मीटर, दुकाने सतरा. पिण्याचे पाणी, बसण्याची जागा, मुलांसाठी खेळण्याची जागा, वाहनतळ, प्रसाधनगृहे आणि देखरेखीसाठी कॅमेरे अशा सोयी तेथे करण्यात आल्या.

आता थोडा हिशेब मांडू. उद्‌घाटनाच्या वेळी महाकालाच्या दर्शनास दररोज एक ते दीड लाख भाविक येतात असे सांगण्यात आले. त्यांपैकी दहांतील एकानेच येथे खावयाचे ठरविले, तरी दहा ते पंधरा हजार माणसे होतात. सतरा दुकानांत ती वाटली तर प्रत्येक दुकानाच्या वाट्यास दिवसाला सुमारे सहाशे ते नऊशे गिऱ्हाइके येतात. उरलेले नऊ जण पूर्वीप्रमाणेच आजूबाजूच्या गल्ल्यांत, रस्त्याच्या कडेला, गोपाळ मंदिराच्या बाजारात किंवा बसस्थानकाजवळ पोहे, कचोरी, साबुदाण्याची खिचडी आणि रबडी खाणार. म्हणजेच ‘प्रसादम्’ ही शहराची खाऊगल्ली नसून तिचा नमुना आहे. सतरा दुकाने चकचकीत राहिली आणि शेजारच्या गल्लीतील बादलीतले पाणी तसेच राहिले, तर यात्रेकरूच्या पोटाला त्याचा फारसा लाभ नाही.

अन्न बिघडते कोठे

उघड्यावरील अन्नाबाबत लोक धुळीला व माश्यांना दोष देतात आणि तो खराही आहे. परंतु अधिक आजार पाण्यावाटे व हातांवाटे येतात. सकाळी भरलेल्या पिंपातून दिवसभर पेले बुडवून पाणी काढले जाते. एकाच बादलीत शंभर ताटल्या विसळल्या जातात. पहिली ताटली स्वच्छ होते, शंभरावी मात्र आधीच्या नव्व्याण्णवांचे पाणी घेऊन बाहेर पडते. वाहत्या पाण्याचा नळ आणि त्याखाली सांडपाण्याची मोरी एवढ्या दोनच गोष्टी दिल्या, तरी निम्मे काम होते. पाणी शुद्ध आहे किंवा कसे हे पाहण्याची ‘ओटी’ चाचणी आपल्या ग्रामपंचायतींतील पाणीपुरवठा कर्मचाऱ्यास ठाऊक असतेच: द्रावणाचे थेंब टाकताच पाण्यास पिवळी छटा आली म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावे असे मानक आहे. शाळेतील विज्ञानाच्या तासाला शिक्षकांनी ही चाचणी करून दाखविण्यास हरकत नाही.

दुसरी बाब उष्णतेची. शिजविलेले गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावेत असा नियम आहे. या दोहोंच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात आणि वैशाखात उघड्यावर ठेवलेली रबडी नेमकी त्याच पट्ट्यात असते. तिसरी बाब तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापविले की त्यात ध्रुवीय संयुगे साठतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झालेले तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकास संयुगे दिसत नाहीत; पण काळसर, फेसाळणारे आणि धूर ओकणारे तेल दिसते. अशा कढईतील कचोरी न घेणे त्याच्या हाती आहे.

या तिन्ही बाबी इमारतीने सुटत नाहीत. म्हणूनच या योजनेत अन्न हाताळणाऱ्यांचे प्रशिक्षण, त्रयस्थ संस्थेकडून तपासणी आणि त्यानंतर प्रमाणपत्र अशी साखळी घालून दिलेली आहे. तिच्यातील तपासणीची कडी सर्वांत आधी सैल पडते, हा अनेक योजनांचा अनुभव आहे.

विक्रेत्यांचे स्थान

मार्ग रुंद करावयाचे तर लगतची घरे व दुकाने घ्यावी लागतात. उज्जैनमध्येही ती घ्यावी लागली. पक्क्या दुकानाच्या मालकास मोबदला मागण्यास कागद असतो. बेलपाने, फुलांच्या माळा वा चहा विकणाऱ्या पथविक्रेत्याजवळ पुष्कळदा तोही नसतो. त्याच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता अधिनियम आहे. पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत त्यांना हटविता येत नाही. स्थलांतर करावयाचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांतील एकतृतीयांश महिला. ही समिती नियमाने बसते तेथे नव्या जागेचे वाटप कोणास झाले हे सर्वांस कळते. बसत नाही तेथे नव्या दुकानात जुना विक्रेता दिसेलच अशी खात्री देता येत नाही.

उज्जैनपासून सुमारे ५५ किलोमीटरवरील इंदूरची ‘छप्पन दुकान’ ही पेठ या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. २०२० मध्ये तिचे नूतनीकरण झाले ते जुनी दुकाने जागच्या जागी ठेवून. रस्ता वाहनांना बंद करण्यात आला, बसण्याची सोय झाली. विक्रेते मात्र तेच राहिले. बाजार हलविण्यापेक्षा बाजाराखाली पाणी व मोरी नेणे पुष्कळदा स्वस्त पडते.

उज्जैनचा पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. गेल्या वेळचा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे २०१६ असा ऐन उन्हाळ्यात झाला होता. त्या काळात स्थायी दुकानांच्या कितीतरी पट तात्पुरत्या टपऱ्या व अन्नछत्रे उभी राहतात. त्यांचे पाणी कोठून येणार आणि सांडपाणी कोठे जाणार, हे त्यांच्या जागा आखतानाच ठरवावे लागेल. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ त्याआधी, २०२६-२७ मध्ये येतो आणि तेथील मुख्य स्नाने पावसाळ्यात असतात. उज्जैनमध्ये उन्हाने अन्न नासते. गोदाकाठी गढूळ झालेले पाणी, चिखल आणि तुंबलेल्या मोऱ्या यांतून अतिसार व कावीळ पसरण्याचे भय अधिक. त्यामुळे तेथे खाद्यविक्रेत्यांच्या जागा उंचवट्यावर व नळवाहिनीलगत आखणे आणि प्रत्येक पाणीसाठ्याची क्लोरीन चाचणी दिवसातून एकदा नव्हे, तर प्रत्येक भरणीनंतर करणे आवश्यक ठरेल.