पेशींचे आसंजन आणि ताकेइची यांचे कॅधेरिन

बहुपेशीय प्राण्याचे शरीर एकसंध राहते, ते त्यातील पेशी एकमेकींना धरून ठेवतात म्हणून. या गुणधर्माला आसंजन म्हणतात. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ मध्ये स्पंज बारीक रेशमी कापडातून गाळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तेव्हा त्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांतून जिवंत स्पंज तयार झाला. पुढे १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातील वेगवेगळ्या थरांच्या पेशी मिसळून पाहिल्या. त्या आपापल्या जातीच्या पेशींशी जुळल्या आणि निरनिराळ्या थरांत विभागल्या गेल्या. आसंजन निवडक असते, हे त्यावरून स्पष्ट झाले. ही निवड करणारा रेणू कोणता, याचे उत्तर मात्र जपानी पेशीशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांच्या संशोधनातून मिळाले.

ताकेइची यांचा जन्म १९४३ मध्ये नागोया येथे झाला. क्योटो विद्यापीठात ते भ्रूणपेशींच्या आसंजनाचा अभ्यास करीत होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास ते अमेरिकेत बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेच्या भ्रूणविज्ञान विभागात गेले आणि तेथे एक विचित्र अडचण उभी राहिली. ऊतीतील पेशी सुट्या करण्यासाठी ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर वापरतात. क्योटोत ट्रिप्सिनने सुट्या केलेल्या पेशी थोड्याच वेळात पुन्हा एकमेकींना चिकटत. बाल्टिमोरमध्ये त्या चिकटेनात. प्रयोगशाळेतील द्रावणांच्या कृती वर्षानुवर्षे तशाच चालत येतात आणि त्यांत नेमके काय आहे, हे सहसा कोणी तपासत नाही. ताकेइची यांनी ते तपासले. बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए हे कॅल्शियम बांधून टाकणारे रसायन होते. क्योटोच्या द्रावणात ते नव्हते.

त्यांनी काढलेला निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशींच्या पृष्ठभागावर आसंजनाच्या दोन यंत्रणा असतात. एकीला कॅल्शियम लागते, दुसरीला लागत नाही. कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या यंत्रणेतील प्रथिन कॅल्शियमच्या सान्निध्यात ट्रिप्सिनला दाद देत नाही. कॅल्शियम काढून घेताच ते तुकडे होऊन नष्ट होते. प्रयोग फसण्याचे कारण शोधताना प्रथिनाला अचूक वेगळे ओळखण्याची कसोटीच हाती आली. प्रतिपिंडांच्या साहाय्याने हे प्रथिन ओळखण्यात आले आणि १९८४ मध्ये त्याला कॅधेरिन हे नाव मिळाले.

कॅधेरिनचे अनेक प्रकार आहेत. ई-कॅधेरिन अभिस्तर ऊतींत, एन-कॅधेरिन मुख्यतः चेतासंस्थेत व हृदयाच्या स्नायूंत, तर पी-कॅधेरिन अपरेत प्रथम आढळले. ताकेइची यांच्या गटाने १९८७ मध्ये ई-कॅधेरिनचे जनुक उंदराच्या एल-पेशींत घातले. एरवी सुट्या राहणाऱ्या या पेशी एकमेकींना घट्ट धरू लागल्या. पाठोपाठ ई आणि पी प्रकार धारण करणाऱ्या एल-पेशी मिसळल्या असता त्यांचे वेगवेगळे पुंजके झाले. टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी भ्रूणात पाहिलेली निवड आता एका प्रथिनाच्या बदलाने घडवून आणता येत होती. भ्रूणातही तसेच घडते: बाह्यस्तरापासून चेतानलिका विलग होताना तिच्या पेशी ई-कॅधेरिन सोडून एन-कॅधेरिन धारण करतात.

रचनेच्या दृष्टीने या प्रकारांतील कॅधेरिनच्या पेशीबाहेरील भागात पाच खंड असतात. खंडांच्या सांध्यांत कॅल्शियमचे आयन बसले म्हणजे संपूर्ण रेणू ताठ होतो आणि समोरच्या पेशीवरील कॅधेरिनशी जुळतो. पेशीच्या आत त्याचे टोक बीटा-कॅटेनिनला आणि त्याच्यामार्फत अल्फा-कॅटेनिनला जोडलेले असते; अल्फा-कॅटेनिन ते ॲक्टिन तंतूंशी बांधते. हा आतला दुवा नसेल तर बाहेरची पकड व्यर्थ ठरते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका पेशीवंशात ई-कॅधेरिन असूनही आसंजन नव्हते. त्यात अल्फा-कॅटेनिन घालताच ते परत आले. कॅटेनिन प्रथिनांचा शोध जर्मन शास्त्रज्ञ रोल्फ केमलर यांच्या गटाने लावला.

बीटा-कॅटेनिनचे दुसरे कार्य संकेतनाचे आहे. कॅधेरिनला न जोडलेले बीटा-कॅटेनिन पेशीत सतत नष्ट केले जाते. विंट हा संकेत आला की हा नाश थांबतो, ते पेशीकेंद्रकात जाते आणि पेशीविभाजनाशी संबंधित जनुके कार्यान्वित करते. बृहदांत्राच्या बहुसंख्य कर्करोगांत हा नाश घडवणारे एपीसी प्रथिन बिघडलेले असते. पेशींना बांधणारे आणि त्यांना वाढीचा आदेश पोचवणारे प्रथिन एकच असावे, ही या विषयातील सर्वांत लक्षणीय बाब मानावी लागेल.

वैद्यकातील उपयोगही याच ज्ञानावर उभे आहेत. पेम्फिगस या फोड आणणाऱ्या त्वचारोगात शरीराचीच प्रतिपिंडे डेस्मोग्लीन या कॅधेरिनकुलातील प्रथिनावर हल्ला करतात. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात जठराचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या येत होता. कुटुंबाने स्वतःहून संशोधकांची मदत मागितली आणि १९९८ मध्ये त्याचे कारण ई-कॅधेरिनच्या जनुकातील उत्परिवर्तन असल्याचे सिद्ध झाले. असे उत्परिवर्तन असलेल्या व्यक्तींना रोग होण्यापूर्वीच जठर काढून टाकण्याचा पर्याय आता दिला जातो.