घरात राहणाऱ्या बाईचा दिवस

चंदगड तालुक्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या पोटासाठी बाहेर पडत आली. कुणी बेळगाव गाठलं, कुणी मुंबई, कुणी तिलारीचा घाट उतरून गोव्यात गेलं. दुसऱ्याच्या घरी राबणं म्हणजे काय, हे या मातीला सांगावं लागत नाही. तरीही इथलं एखादं जोडपं नोकरीसाठी दुबईला किंवा सिंगापूरला जातं आणि पहिल्यांदाच चोवीस तास घरात राहणारी बाई ठेवतं, तेव्हा काम सांगण्यापेक्षा थांबणं अवघड जातं. गावात रोपलावणीला आलेली बाई दिवस मावळला की घरी जाते. पैऱ्याला गेलं तरी दिवसाला दिवस फेडला जातो. राहत्या बाईच्या दिवसाला मात्र असं टोकच नसतं. पहाटेचे डबे, मुलांची शाळेची बस, कपडे, इस्त्री, रात्री दहाला आलेले पाहुणे आणि त्यांच्या मागून घासायची भांडी. प्रत्येक काम पाच-दहा मिनिटांचं वाटतं, म्हणून सांगणाऱ्याला त्याचं ओझं जाणवत नाही. पण या सगळ्यांत मिळून तिचा जागेपणीचा प्रत्येक तास जातो. म्हणूनच माझं मत असं की, पगार ठरवण्याआधी तिच्या विश्रांतीचे तास ठरवावेत.

यावर हमखास उत्तर येतं, ‘ती आमच्या घरातलीच आहे, तिला कसले तास?’ त्यातली माया खरी असते. पण घरातली लेक कंटाळा आला तर नाही म्हणू शकते. या बाईचा तिथे राहण्याचा परवानाच मालकाच्या घराशी बांधलेला असतो, त्यामुळे तिचं नाही महाग पडतं. ‘तीच म्हणते, सुट्टी नको, पैसे द्या’ हेही खरं असतं, कारण गावी कर्ज आणि मुलांची फी असते. म्हणूनच सिंगापूरने 2023 पासून महिन्याची निदान एक सुट्टी पैशाने विकत घेता येणार नाही, असा नियम केला. संयुक्त अरब अमिरातीच्या 2022 च्या कायद्यात दिवसाला बारा तास विश्रांती आहे, त्यातले आठ सलग. आठवड्याची पगारी सुट्टी आहे, आणि पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहायला हवा. तान्हं मूल असलेल्या घरात घड्याळ कसं पाळायचं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे रात्री आईबापांनी आणि बाईने वाटून घ्याव्यात, आणि जागरणाच्या रात्रीनंतरचा दिवस तिला झोपेसाठी मोकळा ठेवावा. हे आधीच बोलून, लिहून ठेवलं तर मायेला काही धक्का लागत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो नोंदणी आणि मदतीच्या योजनांपुरता आहे, कामाचे तास त्यात नाहीत. तेव्हा परदेशात कायद्यामुळे लागलेली सवय परतताना तिथेच सोडू नका. चंदगडच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईलाही आठवड्याची एक सुट्टी द्या, पगार न कापता.