बोटीच्या इंजिनाचे ऑईल : खरेदी करताना काय पाहावे?

अक्कलकोट समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तेव्हा येथे बसून बोटीच्या ऑईलची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु ऑक्टोबर २०२० मध्ये बोरी आणि भीमा या दोन्ही नद्यांचे पाणी आमच्या तालुक्यातील काठच्या गावांत शिरले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत जो कहर केला तो सर्वांनी पाहिला. दोन्ही वेळी जिल्ह्यात बचावपथकांना बोटी घेऊन उतरावे लागले. शिवाय उजनीच्या पाण्यावर मच्छीमारांच्या आणि प्रवाशांच्या बोटी नेहमीच चालतात. तेव्हा बोट ही केवळ कोकणची गोष्ट राहिलेली नाही.

आमचा धंदा कापडाचा. तरी पूर ओसरला की गावोगावची मंडळी व्यापाऱ्यांकडे वर्गणीसाठी येतात, त्यात अलीकडे रबरी बोट आणि तिचे इंजिन यांचाही विषय निघतो. बैठकीत सगळी चर्चा इंजिन किती अश्वशक्तीचे घ्यावे यावरच होते. ऑईलचे काय, तर जो कोणी बाजारात जाईल तो येताना एक डबा घेऊन येईल! आमचा माल कोकणपट्टीत जातो, त्या निमित्ताने तेथील बोटवाल्यांशी आणि मिस्त्रींशी बोलणे होत असते. त्यांच्याकडून जे समजले आणि कंपन्यांच्या पुस्तकांत जे वाचले, ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की बोटीचे इंजिन मोटारीच्या किंवा मोटारसायकलच्या इंजिनासारखे चालत नाही. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाणारी मोटार आपल्या ताकदीचा थोडाच हिस्सा खर्च करते, उतारावर तर इंजिनाला विश्रांतीच मिळते. पाण्यात उतार नाही. बचावकार्यातील हलकी रबरी बोट, तिला मागे ४० अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन आणि आत आठ-दहा माणसे, म्हणजे सतत घाट चढणारा ट्रकच समजा. मिनिटाला पाच हजारांच्या वर फेरे, तेही तासन्‌तास. आणि हेच इंजिन पुढे दहा-अकरा महिने ग्रामपंचायतीच्या खोलीत पडून राहते. असे दुहेरी हाल दुसऱ्या कोणत्या यंत्राचे होत असतील असे आम्हास वाटत नाही.

२१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. तेथे कारण वारा होता, ऑईलचा संबंध नव्हता, हे स्पष्ट करतो. पण अशा वाऱ्यात बोटीचे तोंड लाटेकडे धरून ठेवते ते इंजिनच. ते बंद पडले की बोट लाटेला आडवी होते, आणि मग नावाड्याच्या हाती फारसे काही राहत नाही.

आता ऑईलकडे वळू. जुनी आणि स्वस्तातली आऊटबोर्ड इंजिने टू-स्ट्रोक असतात, त्यांत ऑईल पेट्रोलबरोबरच जळते. येथे सर्वात मोठी गफलत होते. दुकानदार स्कूटरचे टू-टी ऑईल पुढे करतो आणि घेणाराही 'टू-टी म्हणजे टू-टी' म्हणून घेऊन येतो. स्कूटरचे इंजिन हवेवर थंड होते, खूप तापते, म्हणून त्याच्या ऑईलमध्ये राख ठेवणारी काही रसायने घातलेली असतात. आऊटबोर्डचे इंजिन नदीच्या थंड पाण्यावर चालते आणि पूर्ण ताकदीने चालते. त्यात ही राख पिस्टनवर आणि प्लगवर बसते, रिंगा चिकटतात, आणि शेवटी पिस्टनच जाम होतो. म्हणून बोटीसाठी राखविरहित ऑईल वेगळे बनते. त्याच्या डब्यावर 'टीसी-डब्ल्यू३' असा शिक्का असतो. हा शिक्का अमेरिकेतील नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचा, आणि त्यासोबत 'आरएल' अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. डब्यावर नुसते बोटीचे चित्र आहे आणि क्रमांक नाही, तर तो डबा परत करावा. शिवाय दुचाकींतून टू-स्ट्रोक इंजिने जवळजवळ नाहीशी झाली आहेत, त्यामुळे लहान गावांत टू-टीचा जो माल मांडणीवर दिसतो तो किती जुना आहे, हेही पाहावे.

प्रमाण बहुधा पन्नासास एक, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. नव्या इंजिनाला सुरुवातीचे काही तास ऑईल जास्त लागते. नेमके प्रमाण इंजिनासोबतच्या पुस्तकात पाहावे, अंदाजाने बाटली ओतू नये. मिसळलेले पेट्रोल पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवणे तर निव्वळ नुकसानीचे. पेट्रोल उडून जाते, चिकट गाळ राहतो आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बंद होतात. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते. ते आपल्याच जिल्ह्यातील उसाचे असेल, पण ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि पाणी जास्त झाले की टाकीच्या तळाशी वेगळे बसते. तेव्हा काम संपताच नळी काढून कार्बोरेटरमधले पेट्रोल जाळून संपवावे.

फोर-स्ट्रोक इंजिनाला मोटारसायकलचे ऑईल घालण्याची प्रथा आहे. बोटीसाठीच्या ऑईलवर 'एफसी-डब्ल्यू' हा शिक्का असतो. त्याच्या कसोटीत गंजापासून संरक्षण हाही भाग आहे, आणि पडून राहणाऱ्या इंजिनाला तेच हवे. डिपस्टिकवर ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. थंड इंजिन वारंवार थोडा वेळ चालविल्याने पेट्रोल ऑईलमध्ये उतरलेले असते. असे ऑईल पातळ पडते, ते काढूनच टाकावे.

खरी दुर्लक्षित जागा म्हणजे गिअर. आऊटबोर्डचा गिअर पंख्याच्या मागेच, पाण्याखाली असतो. ४० अश्वशक्तीच्या इंजिनात तेथे जेमतेम अर्धा लिटर ऑईल मावते, आणि तेवढ्यावर सगळी ताकद काटकोनात वळते. कंपन्या तेथे बहुधा ९० नंबरचे हायपॉईड गिअर ऑईल सांगतात. ९० हा आकडा पाहून काहींना ते इंजिनच्या ४० नंबरपेक्षा दुपटीने घट्ट वाटते. तसे नाही. गिअर ऑईलची मोजपट्टीच वेगळी, त्यातले ९० हे इंजिन ऑईलच्या ४० ते ५० नंबरच्या आसपास बसते. मात्र ट्रकचे गिअर ऑईल आणि बोटीचे यांत फरक आहे. बोटीच्या ऑईलमध्ये थोडे पाणी शिरले तरी गिअर वाचविण्याची योजना असते.

आणि पाणी शिरतेच. पंख्याच्या दांड्यावर रबरी सील असते. पुराच्या पाण्यात दोर, जाळ्यांचा नायलॉन धागा, लुगडी, उसाचे पाचट असे काय काय वाहत येते. त्यातला बारीक धागा पंख्यामागे गुंडाळला गेला की सील कापतो. धाग्याची ही करामत आम्हा कापडवाल्यांना नवी नाही, मागाच्या बेअरिंगमध्ये तो काय करतो हे सोलापुरातील कोणताही मागवाला सांगेल. आम्ही एका गावी असे इंजिन पाहिले. पूर संपल्यावर ते धुऊनपुसून ठेवलेले होते, वरून चकचकीत. वर्षाने खालचा स्क्रू काढला तर दुधाळ चहासारखे ऑईल बाहेर आले आणि बेअरिंगला गंज चढलेला.

म्हणून प्रत्येक मोहिमेनंतर पंखा काढून धागा पाहावा आणि गिअर ऑईल बदलावे. पुस्तकात १०० तास लिहिलेले असते, पण गावचे इंजिन वर्षात १० तासही चालत नाही. तेथे तास मोजण्यात अर्थ नाही, वर्षातून एकदा बदल हाच नियम. ऑईल काढताना आधी खालचा स्क्रू, मग वरचा. भरताना मात्र खालच्या छिद्रातून पंपाने वर ढकलावे, वरच्या छिद्रातून बाहेर येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा. वरून ओतल्यास हवा अडकते आणि गिअर अर्धा रिकामा राहतो. दोन्ही स्क्रूंचे वायसर नवे घालावेत. एका जोड सोलापुरी चादरीच्या पैशात हे सगळे होते.

कोकणातील डिझेल ट्रॉलरचा मामला निराळा. तेथील हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये बहुधा इंजिन ऑईलच चालते, ९० नंबरचे घातल्यास क्लच प्लेटा घसरतात. त्यावर पुन्हा केव्हातरी.

वर्गणीतून खरेदी होत असेल तर पक्के बिल घ्यावे, त्यावर ऑईलचा दर्जा आणि बॅच नंबर लिहून घ्यावा. ऑईल बदलल्याची तारीख इंजिनाच्या झाकणावर आतून रंगाने लिहावी, कारण वही हरवते. हे काम मे महिन्याच्या अखेरीस करावे आणि त्याच दिवशी इंजिन पाण्याच्या टाकीत उभे करून दहा मिनिटे चालवून पाहावे.