चिंबोरीची सागरयात्रा

वाकोल्याच्या बाजारांत नांगे बांधून ठेवलेली चिंबोरी आमच्या विद्यार्थ्यांनीं अनेकदां पाहिली असेल. तिचा जन्म कोठें झाला, असें विचारल्यास बहुतेक जण 'खाडीच्या चिखलांत' असें उत्तर देतील. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. चिंबोरी वाढते खाडींत. जन्म मात्र तिचा समुद्रांत होतो. हा प्रवास कसा घडतो व त्याचा आपल्या वस्तीशीं काय संबंध आहे, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चिंबोरी, कोळंबी, शेवंड व जवळा हे सर्व एकाच कवचधारी वर्गांतील प्राणी होत. कवच वाढत नाहीं. म्हणून तें वेळोवेळीं टाकून नवें धारण करावें लागतें. मादी चिंबोरीनें जुनें कवच टाकल्यावर, नवें मऊ असतांनाच, नराशीं तिचा संयोग होतो. नरमादी ओळखणें सोपें आहे. पोटाखालची झडप नराची अरुंद व निमुळती, तर वाढलेल्या मादीची रुंद व गोलाकार असते. या झडपेखालीं मादी आपलीं अंडीं वागविते. त्यांची संख्या दहा लाखांहूनही अधिक असूं शकते. पिल्लांना समुद्राचें खारें पाणी मानवतें, म्हणून ती खाडी सोडून समुद्राकडे जाते.

अंड्यांतून निघणारें पिल्लू आईसारखें मुळींच दिसत नाहीं. मोठे डोळे, पाठीवर कांटा व बारीक शेपूट असलेला हा जीव शास्त्रज्ञांस पूर्वी निराळाच प्राणी वाटे, व त्यास 'झोईआ' हें नांव मिळालें होतें. आयर्लंडांतील कॉर्क येथील लष्करी शल्यवैद्य जॉन व्हॉन टॉम्सन यांनीं १८२० नंतरच्या दशकांत तें खेकड्याचेंच पिल्लू असल्याचें दाखविलें. अशा पांच अवस्था ओलांडल्यावर चिंबोरीच्या पिल्लास नांगे फुटतात व तें खाडीकडे परततें.

कोळंबीची रीत निराळी. ती अंडीं जवळ न बाळगतां समुद्रांत सोडून देते. तिच्या अनेक जातींचीं पिल्लें भरतीबरोबर खाडींत शिरतात, तिवरांच्या आश्रयानें वाढतात व पुन्हां समुद्र गांठतात. जवळा म्हणजे कोळंबीचीं पिल्लें, असें कित्येक समजतात; वस्तुतः ती स्वतंत्र, आकारानेंच लहान अशी जात आहे. शेवंडीचें पिल्लू तर पानासारखें चपटें व पारदर्शक असून महिनोगणती प्रवाहाबरोबर वाहत असतें.

अशा तरंगत्या बाल्यामुळेंच हे प्राणी दूरवर पसरतात. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, आणि १८९८ मध्यें पश्चिम हिंदी महासागरांतील एक निळा खेकडा ईजिप्तच्या भूमध्य किनाऱ्यावर आढळला. २०१४ पासून ट्युनिशियाच्या गाबेस आखातांत तो इतका माजला कीं कोळ्यांचीं जाळीं फाटूं लागलीं. पुढें त्यांनीं त्याचाच व्यापार आरंभिला.

मात्र दार बंद झाल्यास हाच वंश खुंटतो. आपला वाकोला नाला मिठी नदीस मिळतो व मिठी माहीमच्या खाडींत. नाल्यांत टाकलेली घाण कुजतांना पाण्यांतील प्राणवायू संपवून टाकते. मग भरतीबरोबर आलेल्या पिल्लांनीं श्वास कसा घ्यावा? अतिरेकी मासेमारीचें फळही आपल्यापुढें आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरील चपट्या शेवंडीची जात, अंडीं धारण केलेल्या माद्यांसकट, इतकी उपसली गेली कीं १९९४ च्या सुमारास तिची मासेमारी संपुष्टांत आली.

पावसाळ्यांतील मासेमारीबंदी सरकार पाळवून घेईल. नाला स्वच्छ राखणें मात्र आपल्याच हातीं आहे. झडपेखालीं अंड्यांचा गोळा असलेली मादी पालकांनीं विकत घेऊं नये, व मुलांनीं कचऱ्याची पिशवी नाल्यांत टाकूं नये, एवढी आमची विनंती आहे. समुद्रांत जन्मलेल्या पाहुण्यास आपल्या खाडींत जागा मिळाली, तरच उद्यांच्या पिढीच्या ताटांत चिंबोरी दिसेल.