पहिले मत कोणाचे?

विधानसभेची निवडणूक जवळ आली की आरमोरीच्या विश्रामगृहासमोर गाड्यांची रांग लागते. पक्षाचे निरीक्षक आलेले असतात. एकेक इच्छुक हातात बायोडाटा आणि मागे वीस-पंचवीस कार्यकर्ते घेऊन आत जातो, पाच मिनिटांत बाहेर येतो. निरीक्षक सगळ्यांना 'अहवाल वर पाठवतो' एवढेच सांगतात. आणि तरीही गावातला पानठेलेवाला छातीठोकपणे सांगतो की तिकीट अमक्यालाच. तो बहुतेक वेळा बरोबर असतो! कारण पक्षाच्या आतल्या दहा-वीस माणसांचा कल त्याला दोन महिने आधीच कळलेला असतो. आपण मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहून जे मत देतो ते दुसरे मत. पहिले मत केव्हाच पडून गेलेले असते.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे सामान्य मतदार राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांतून ठरवतात, हे आपण वाचतो आणि त्याचे कौतुकही करतो. पण तिथेही पहिले मत पडण्याआधी आमदार-खासदार, गव्हर्नर, महापौर आणि पक्षाचे पदाधिकारी आपली पसंती जाहीर करून टाकतात. डेमोक्रॅटिक पक्षाने तर १९८४ पासून अशा बड्या मंडळींना 'सुपरडेलिगेट' म्हणून अधिवेशनात थेट मत दिले. नोव्हेंबर २०१५ मध्ये, एकाही राज्यात मतदान झालेले नसताना, असोसिएटेड प्रेसने या मंडळींची पाहणी केली. हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने ३५९ आणि बर्नी सँडर्स यांच्या बाजूने ८! पुढे ओरड झाली आणि २०१८ मध्ये पक्षाला नियम बदलावा लागला. चुरस असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटांनी मत द्यायचे नाही, असे ठरले.

आपल्या वाचकांनी यातली एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. १९८४ साली जेसी जॅक्सन हे कृष्णवर्णीय नेते उमेदवारीसाठी उभे राहिले, तेव्हा डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय महापौर कोलमन यंग वॉल्टर मोंडेल या गोऱ्या उमेदवारामागे उभे होते. जॅक्सनना सुमारे १८ टक्के मते मिळाली, पण त्या प्रमाणात प्रतिनिधी मिळाले नाहीत. पुढे नागरी हक्क चळवळीचे लढवय्ये जॉन लुईस यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये ओबामांना नव्हे, हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांच्याच मतदारसंघातील लोकांनी ओबामांना भरभरून मते दिली, तेव्हा लुईस यांनी बाजू बदलली. लुईस यांच्या निष्ठेवर कोणी बोट ठेवू शकत नाही. पण आतल्या माणसाला जे 'शक्य' वाटते आणि बाहेरच्या माणसाला जे हवे असते, त्यात अंतर पडतेच. आतला माणूस आपल्या जातीचा, आपल्या रंगाचा असला तरी पडते.

आता कोणी म्हणेल की वकीलसाहेब, अमेरिकेचे आम्हाला काय? तर प्राथमिक निवडणूक ही अमेरिकेची मक्तेदारी नाही. ती एकेकाळी कायद्याने आपल्या हातात होती. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याला झालेल्या पुणे कराराचे दुसरे कलम काढून वाचा. आपण १४८ जागांचा आकडा पाठ म्हणतो, आमच्या मध्य प्रांताला २० जागा आल्या हेही सांगतो, आणि हे कलम विसरतो. राखीव जागेच्या मतदारसंघात फक्त अस्पृश्य मतदारांनी आधी मतदान करायचे, प्रत्येकाने एकच मत द्यायचे, सर्वाधिक मते मिळालेल्या चौघांचे पॅनेल तयार व्हायचे आणि त्या चौघांतूनच सर्व मतदारांनी एकाला निवडायचे, अशी ती पद्धत होती. स्वतंत्र मतदारसंघ हातचा गेल्यावर बाबासाहेबांच्या पदरात जे राहिले ते हे पहिले मत.

त्यातही खोट होतीच. चारच्या वर उमेदवार नसले की प्राथमिक निवडणूक होतच नसे, सगळे आपोआप पॅनेलवर. आणि झाली तरी अस्पृश्यांच्या मतांत पहिला आलेला माणूस अंतिम फेरीत सवर्णांच्या मतांनी पडू शकत होता, चौथा आलेला निवडून येऊ शकत होता. १९४५-४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या उमेदवारांनी हेच भोगले. प्राथमिक फेरीत पुढे आणि अंतिम फेरीत घरी! बाबासाहेबांनी हा पुरावा ब्रिटिश सरकारपुढे मांडला तो याचसाठी. पण त्या हरण्यातही एक गोष्ट कागदावर उरली. समाजाने कोणाला पसंत केले होते आणि त्याच्या माथी कोण मारला गेला, हे मतांच्या आकड्यांनी दिसत होते. आज ते दिसण्याची सोयच नाही. प्राथमिक निवडणुकीची मुदत करारातच दहा वर्षांची होती आणि १९५० च्या संविधानात ती पद्धत आली नाही. अनुच्छेद ३३० व ३३२ ने जागा राखून ठेवली. त्या जागेवर कोणाला उभे करायचे हे पक्षांच्या मर्जीवर राहिले.

आमच्या जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या तिन्ही विधानसभा जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत. पुणे करार आदिवासींसाठी नव्हता, पण दुखणे तेच. २०२४ मध्ये भाजपने गडचिरोलीत विद्यमान आमदार देवराव होळी यांना बाजूला करून मिलिंद नरोटे यांना उभे केले आणि आरमोरीत कृष्णा गजबे यांना कायम ठेवले. गडचिरोलीत पक्ष जिंकला, आरमोरीत काँग्रेसचे रामदास मसराम निवडून आले. निर्णय चुकला की बरोबर आला हा मुद्दाच नाही. धानोरा किंवा कुरखेड्याच्या गोंड मतदाराला त्या निर्णयात कोणी विचारले, हा मुद्दा आहे.

काँग्रेसने २०१४ साली राहुल गांधींच्या पुढाकाराने देशातील मोजक्या लोकसभा मतदारसंघांत प्राथमिक निवडणुकीचा प्रयोग केला. त्यात आपल्या विदर्भातील वर्धा होते आणि अनुसूचित जातीसाठी राखीव असलेले लातूरही. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे यांनी प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांना हरवले. म्हणजे प्राथमिक निवडणूक झाली ती दोन राजकीय घराण्यांत! सागर मेघे लोकसभेला पडले आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपात गेले. लातूरमध्ये दत्तात्रय बनसोडे प्राथमिक फेरी जिंकून अंतिम लढत हरले. लोक म्हणतात प्रयोग फसला. माझे म्हणणे वेगळे आहे. मतदार होते पक्षाचेच पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी. राखीव जागेवरसुद्धा दलित मतदाराला तिथे वेगळा आवाज नव्हता. आतल्यांचा कल फक्त पेटीत टाकून मोजला गेला, एवढेच.

कायदा याबाबत मुका आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९अ पक्षाकडून संविधानावर निष्ठेची हमी घेते, पण उमेदवार कसा निवडावा यावर अवाक्षर काढत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म पोचला की झाले. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्यात आणण्याची शिफारस केली, तिच्यावर धूळ बसली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये मात्र एक चांगले केले. गुन्हे प्रलंबित असलेल्या उमेदवाराला तिकीट दिले तर पक्षाने कारण प्रसिद्ध करावे, आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे एवढेच कारण चालणार नाही. ज्याला आपले पुढारी 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणतात तेच हे. गुन्हेगाराच्या बाबतीत जे कारण पुरेसे नाही, ते इतरांना डावलताना पुरेसे कसे होते?

मनुवादी पक्षांकडून उत्तर येणार नाही, हे आपण जाणतो. पण आपल्या घरात काय आहे? रिपब्लिकन पक्षाच्या किती गटांत तालुक्याच्या सदस्यांनी मतदान करून उमेदवार ठरवला? वंचित बहुजन आघाडीने २०१९ च्या लोकसभेला उमेदवाराच्या नावापुढे त्याची जात छापली, हे धाडस होते. गडचिरोली-चिमूरमध्ये डॉ. रमेशकुमार गजबे यांना एक लाखाच्या वर मते मिळाली, ती या जंगलातल्या माणसांची ताकद होती. पण ती यादीही वरूनच जाहीर झाली. लाखभर मते देणाऱ्यांपैकी शंभरांनाही आधी विचारायला काय हरकत होती?

तेव्हा माझी सूचना आंबेडकरी पक्षांच्या सर्व अध्यक्षांना आहे. अर्ज भरण्याच्या दोन महिने आधी प्रत्येक तालुक्यात सदस्यांची यादी लावावी, त्यावर हरकती घ्याव्यात, गुप्त मतदानाने तिघांचे पॅनेल काढावे आणि मते जाहीर करावीत. अध्यक्षांना पॅनेलबाहेरचा उमेदवार द्यायचा असेल तर त्यांनी द्यावा, पण कारण लेखी द्यावे. खर्चाचे म्हणाल, तर जागेला विहारे आहेत, मतमोजणीला आमचे तरुण वकील आणि शिक्षक आहेत. पेटीसाठी जयंतीच्या वर्गणीचा डबा चालेल.