पेडल नरम पडतं तेव्हा

मी कविता करणारा माणूस, शिक्षण बी.ए. मोटारीच्या क्लचवर हा काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण घरात जुनी सुमो असली की माणसाला बरंच काही शिकावं लागतं.

एका पावसाळ्यात अम्मीच्या छातीत दुखू लागलं, म्हणून आम्ही तिला घेऊन चिपळूणहून कराडला निघालो. कुंभार्ली घाटातल्या एका वळणावर क्लच दाबला, तर पाय कापसात रुतावा तसा आत गेला. गिअर पडेना. मागे ट्रकांची रांग लागली. एक ट्रकड्रायव्हर उतरून आला आणि म्हणाला, "पेडल भरभर चार-पाच वेळा मारा, मग गिअर टाका." गिअर पडला. आम्ही वेळेत पोचलो आणि अम्मी बरी होऊन घरी आली.

पुढे एका गॅरेजवाल्याने 'क्लचप्लेट गेली' म्हणून गिअरबॉक्स उतरवला, प्लेट बदलली आणि भरपूर पैसे घेतले. आठवड्याभरात पेडल पुन्हा नरम! शेवटी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. ते म्हणाले, "कविराज, प्लेटचा यात काय दोष? आत हवा शिरलीय. ती कुठून शिरली, ते शोधू या."

त्यांनी समजावलं ते असं. मारुती ८००सारख्या गाडीत क्लचला केबल असते. आपल्या गाडीत तेल असतं. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो. ते नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं. त्याचा दांडा काट्याला रेटतो आणि क्लच सुटतो. तेल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा खाली पोचतो. हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा असला की आपला पाय तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो. क्लच पुरता सुटत नाही, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. भरभर पेडल मारलं की टाकीतलं जास्तीचं तेल आत येतं आणि तेवढ्यापुरतं काम भागतं. घाटात झालं ते हेच. प्लेट झिजली तर लक्षण वेगळं असतं: इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही.

आता दोष शोधायचा कसा? आधी टाकीतलं तेल पाहा. कमी असेल तर ते कुठेतरी गळतंय. पेडलमागच्या दांड्यापाशी बोट फिरवा; ओल लागली तर मास्टर गळतोय. स्लेव्हचं रबरी टोपण उचला; आत ओल असेल तर दोष तिथे. ओल कुठेच नाही, पण दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातं, तर बहुधा मास्टरचं आतलं रबर गेलेलं असतं. रबरी नळी दाबाने फुगते का, तेही पाहावं.

आमच्या गाडीत स्लेव्हचं रबर कडक झालं होतं. चाचांनी किट बदललं. सिलिंडर आतून चरे पडलेला असता, तर अख्खा बदलावा लागला असता. रबर बसवताना ब्रेक ऑइलच लावायचं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं तर रबर फुगतं.

मग हवा काढली. गाडी सपाट जागी, चाकांना उटी. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. माझी मुलगी पेडलवर. चाचा म्हणाले 'दाब', की तिने दाबून धरायचं. ते निपल अर्धा फेरा उघडत, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येई. निपल बंद झाल्यावरच तिने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. मधूनमधून टाकी भरत राहायचं. ती रिकामी झाली की सगळी मेहनत पाण्यात. बुडबुडे थांबले आणि पेडल टणक झालं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४, जे लिहिलं असेल तेच तेल घाला, तेही बंद डब्यातलं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. बाहेर काढलेलं पुन्हा घालू नये. आणि ते रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

रबराचं किट आणि तेलाचा डबा, एवढ्यात काम झालं. गॅरेजचं बिल मी अजून जपून ठेवलंय. आता घाटात जायचं म्हटलं की गाडीत बसण्याआधी अम्मीच विचारते, "तेल बघितलंस का रे?" मी बॉनेट उघडतो आणि बघतो.